सूर्यमाळची अठ्ठावीस पाकिटं

१

पत्र्याच्या पेटीत चाळीस पाकिटं असायला हवी होती. निघाली बारा.

गोरख सरांनी दोनदा मोजली, मग हर्षदाला मोजायला लावली. तिसऱ्यांदा त्यांनी एकेक पाकीट बाहेर काढून सूर्यमाळच्या केंद्राच्या सारवलेल्या जमिनीवर ओळीने मांडलं. तळहाताएवढी चंदेरी पाकिटं, आत शेंगदाणा आणि दुधाच्या पावडरीची घट्ट पेस्ट. वजनाच्या तक्त्यावर जे मूल लाल पट्ट्यात उतरतं, त्याच्यासाठीच ती असतात. हिरव्यातल्या आणि पिवळ्यातल्या मुलांना ती द्यायची नसतात, कारण वर्षाला मोजकीच खोकी येतात आणि पाडे पुष्कळ आहेत.

सूर्यमाळच्या दोन पाड्यांत मिळून सध्या लाल पट्ट्यात दोनच मुलं होती, दोन्ही खालच्या पाड्यातली. त्यांना दिलेली पाकिटं वजा करूनच चाळीस हा आकडा आला होता. तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी पेटी पुरी भरलेली होती, हे हर्षदाने स्वतः पाहिलं होतं.

केंद्रात त्या वेळी पाच जणं होती. गोरख सर जव्हारच्या संस्थेचे समन्वयक. जगनदादा मोखाड्याचं कोठार सांभाळायचे आणि संस्थेचे सगळे वजनकाटे दुरुस्त करायचे. नीलेश जीपचा ड्रायव्हर. बुधीबाई वरच्या पाड्याच्या कार्यकर्त्या. पेटीची जबाबदारी त्यांच्या नावावर होती, पण किल्ली दाराआडच्या खिळ्याला असायची आणि ती सगळ्यांनाच माहीत होती. पाचवी हर्षदा, संस्थेच्या फोनमधलं ‘पाडावही’ हे ॲप लिहिणारी. ती आज वेगळ्याच कामाला आली होती आणि मोजणीत अडकली होती.

“सोमवारी अकराला जव्हारला बैठक आहे,” गोरख सर म्हणाले. “तोवर पाकिटं कुठे गेली ते कळलं तर ठीक. नाही कळलं, तर बुधीबाई, मला तुमच्या जागी दुसरी बाई बघावी लागेल.”

बुधीबाईंनी एकदाच मान वर केली. सरांकडे त्या पाहतील असं वाटलं होतं, पण त्यांची नजर गेली जगनदादांकडे. मग मान खाली गेली ती गेलीच. पेटीच्या वर भिंतीवर सरांनीच स्वतःच्या अक्षरात चिकटवलेला कागद होता: ‘लाल दिसलं की विचार करायचा नाही. आधी खाऊ, मग प्रश्न.’ त्या कागदाखालीच त्या उभ्या होत्या.

सरांनी त्या नजरेचा अर्थ लगेच लावला. बाहेर आल्यावर ते हर्षदाला म्हणाले, दोघं सामील आहेत. हर्षदाला तसं वाटलं नाही. सामील असलेली माणसं एकमेकांकडे बघायचं टाळतात.

“मला सोमवारपर्यंत विचारपूस करू द्या,” ती म्हणाली.

“तू सॉफ्टवेअरवाली. तुला काय कळणार यातलं?”

“चूक कुठे झाली ते शोधायचं, हेच माझं काम आहे सर.”

२

हर्षदा सूर्यमाळला आली होती ती स्पेलचेक बघायला.

पाडावहीत कार्यकर्त्या दर सोमवारी आणि गुरुवारी प्रत्येक मुलाचं नाव लिहून दोन-तीन ओळींची नोंद करतात. ती जव्हारला डॉक्टर वाचतात. फोनवर घाईने टाइप केलेल्या नोंदींत अक्षरं गळायची, जुळायची. डॉक्टरांना फोन करून विचारावं लागायचं, आणि बायकांना त्याची लाज वाटायची. म्हणून हर्षदाने शब्द तपासण्याची सोय घालायचं ठरवलं. जो शब्द यादीत नाही त्याच्याखाली रेघ येईल, बाई परत वाचून बघेल.

तयार शब्दयादी फुकट मिळत होती, वर्तमानपत्रांतून गोळा केलेली. ती तिने लावून पाहिली आणि पहिल्याच नोंदीत नागली, वरई, आयस अशा शब्दांखाली रेघा उमटल्या. म्हणजे इथल्या बाईने आपल्या आईला आयस म्हटलं की फोन तिला चूक म्हणणार. हर्षदाने काम थांबवलं. आठ महिने ती सुट्टीच्या दिवशी दाभोशापासून सूर्यमाळपर्यंत पाड्यापाड्यांत बसली. भांड्यांना काय म्हणता, तापाला काय म्हणता, पोर किरकिरतं त्याला काय म्हणता. बायका हसायच्या, सांगायच्या, चुकलं की एकमेकींना दुरुस्त करायच्या. तीन हजारांवर शब्द जमले. तिने ते एकेक करून यादीत घातले. पुण्यामुंबईच्या कुठल्याही मोठ्या कंपनीने हे केलं नसतं, आणि केलं असतं तरी इतक्या निगुतीने नाही.

तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी तिने ते दोन फोनांवर चढवलं, चाचणी म्हणून. एक फोन बुधीबाईंचा, दुसरा खालच्या पाड्याच्या सपनाचा. आज त्याचं काय झालं ते विचारायचं होतं. त्याऐवजी ती जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून नीलेशला पाकिटांचं विचारत होती.

नीलेशने ठाण्यात सहा वर्षं टेम्पो चालवला होता आणि त्याच्या बोलण्यात तिथली छटा अजून होती. आपण चोर असल्याची शंका त्याला अपमानापेक्षा गमतीची वाटली. एकदा एक पाकीट फुटलेलं होतं, ते त्याने चाटून बघितलं होतं, इतकं गोड की दिवसभर पाणी पीत होता. असला माल घेणार कोण?

“चोरीचं जाऊ द्या मॅडम,” तो म्हणाला. “तुम्हाला खरी भानगड सांगू? बुधीमावशीने मोखाड्याच्या दुकानातून पाच किलो मीठ घेतलं. एक-एक किलोच्या पाच पिशव्या. माझ्याच गाडीतून नेलं. घरात माणसं दोन. मी बोललो, मावशी, पूर्ण पाड्याचं लोणचं घालतेस काय?”

“काय म्हणाल्या?”

“काय नाय. पिशवी मांडीवर धरून बसली, पोर धरल्यासारखी.”

मागच्या सीटवर जगनदादा बसले होते. गेल्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. काट्याची तबकडी ते अजून नाकाशी नेऊन वाचायचे. डोळा बरोबर चालत नसेल तर काम सोडा, असं सरांनी त्यांना एकदा सुनावलं होतं, आणि ते सगळ्या कार्यकर्त्यांना ठाऊक होतं. हर्षदाने विचारल्यावर त्यांनी किल्लीची, पेटीची, खोक्यांची सगळी माहिती सरळ दिली. मग थोडं थांबून म्हणाले की बुधीचं हल्ली काहीतरी बिनसलंय. काटा नीट चालतो ना, असं त्यांनी सहज विचारलं, तर ‘चालतो, चालतो’ म्हणत ती घाईने निघून गेली. बारा वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

हर्षदाने वहीत दोन ओळी लिहिल्या. एक, पाच किलो मीठ. दोन, काट्याचं नाव काढलं की बाई पळते.

मोखाड्याच्या चढावर जीप दुसऱ्या गिअरमध्ये आली तेव्हा त्या दोन ओळी एकमेकींना भिडल्या. मीठ खाण्यासाठी नव्हतं. एक-एक किलोच्या पाच बंद पिशव्या म्हणजे घरच्या घरी वजनाची मापं. बुधीबाई गुपचूप काटा तपासत होत्या.

चोर काटा कशाला तपासेल?

३

शनिवारी सकाळी ती सपनाकडे गेली. सपना बारावी झालेली, जव्हारच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, दोन शब्द जास्तच बोलणारी. तिची पाकिटं नोंदीप्रमाणे बरोबर होती. स्पेलचेक तिला आवडलं होतं. तिच्या दोन चुका त्याने पकडल्या होत्या आणि त्या तिने हसत दाखवल्या.

“उगीच रेघा येतात का कुठे?”

“येतात की. मी बघत नाय, पुढं जाते. कॉलेजात टाइप करतानापण यायच्या.”

हर्षदाने ते लिहून घेतलं आणि बुधीबाईंचा विषय काढला. सपना म्हणाली, त्या असं काही करतील यावर विश्वास बसत नाही. बुधीबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. लिहायला पुन्हा शिकल्या त्या तिशीत, या कामासाठी. फोनला त्या डॉक्टरांच्या नळीसारखं जपतात. तो फडक्यात गुंडाळलेला असतो आणि उघडण्याआधी त्या हात धुतात.

“मी एकदा म्हटलं, मावशी, फोनच हाय तो. तर मला म्हणते, तुझ्यासाठी फोन. माझ्यासाठी जव्हारचा डॉक्टर हाय आतमधे.”

सपना हसली, हर्षदाही हसली. ते वाक्य तिने लिहून घेतलं नाही. नंतर तिला त्याचा पश्चात्ताप झाला.

४

वरचा पाडा दुपारच्या उन्हात टेकडीवर पसरलेला. विहिरीचा तळ दिसत होता आणि हंड्यांची रांग टँकरची वाट बघत लागली होती. बायका तिथेच सापडल्या. हर्षदाने लपवाछपवी केली नाही. चंदेरी पाकिटं कोणाच्या पोरांना मिळतात, एवढंच विचारलं. आणि तिला धक्का बसला, कारण त्यांनीही लपवलं नाही.

माझ्या रुपीला, एक म्हणाली. शिडवाला, भिवीला, लख्याला, दुसऱ्यांनी भर घातली. सोमवारी एक, गुरुवारी एक. बाई स्वतः येते, समोर बसून खाऊ घालते, मगच उठते. पाकीट घरात ठेवून जात नाही.

तीन आठवडे, आठवड्याला दोन, म्हणजे सहा. सहा चोक चोवीस. पाकिटं विकली गेली नव्हती. मुलांच्या पोटात होती. चोरी संपली आणि कोडं सुरू झालं. रुपी तिच्या आईच्या कडेवर मावत नव्हती इतकी गुटगुटीत होती. शिडवा हंड्यावर चढत होता. चौघांचाही तक्ता हर्षदाने फोनवर उघडून बघितला. हिरवा, हिरवा, हिरवा, हिरवा.

पाड्यात सहा वर्षांखालची एकवीस मुलं. त्यातली हीच चार का? ती घरोघरी फिरली. चार मुलं एका कुळातली नव्हती, एका वयाची नव्हती. दोन मुलगे, दोन मुली. बुधीबाईंच्या नात्यात फक्त भिवी होती, तीही लांबच्या. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी लख्याला पाकीट मिळत होतं आणि त्याच्या किडकिडीत हरेशदादाला नाही.

रुपीच्या शेजारच्या झोपडीच्या सावलीत एक मुलगा बसला होता. तीन वर्षांचा असेल. मुकेश. शिमग्यानंतर त्याचे आईबाप भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून परतले होते आणि आता दोघं रोजगाराला गेले होते. त्याच्या हातात चंदेरी कागदाची भिंगरी होती, रुपीच्या रिकाम्या पाकिटाची केलेली असावी. वारा नव्हता, म्हणून तो ती फुंकून फिरवत होता, आणि दोन फुंकरीत दमत होता. त्याचा तक्ता पिवळ्यात होता, खालच्या कडेला. म्हाताऱ्या आजीला ऐकू कमी यायचं. तिने सांगितलं ते एवढंच की बाई येते, बघते, जाते. हर्षदाने त्याला ‘मिळत नाही’ या रकान्यात घातलं.

मग ती परत जीपकडे निघाली. वाटेत तिने सगळं जुळवून पाहिलं. बाई चार निरोगी मुलांना लाल पट्ट्यातलं मूल समजून खाऊ घालते आहे. काटा त्यांना हिरवं दाखवतो, म्हणून ती काट्यावर संशय घेते, मीठ आणून तो तपासते. म्हणजे दुसरं कोणीतरी तिला सांगतंय की ही चार मुलं लाल आहेत. त्या कोणावर तिचा काट्यापेक्षा जास्त भरवसा आहे.

कोण?

५

जीप सुरू होईपर्यंत वेळ होता. गोरख सरांना निदान यादी कळवावी म्हणून हर्षदाने फोन काढला. तिच्या फोनमधली पाडावही नव्या सोयीसकट होती. तिने एकाखाली एक नावं लिहिली: आधी मिळालेली चार मुलं, मग न मिळालेल्यांपैकी काही.

रुपी. शिडवा. भिवी. लख्या.

मुकेश. हरेश.

फोनच्या काचेवर ऊन पडत होतं. तिने तो सावलीत वळवला.

पहिल्या चार नावांखाली लाल रेघ होती. पुढच्या दोन नावांखाली नव्हती. तिने पाड्यातल्या बाकीच्या मुलांची नावं एका दमात लिहून काढली. एकालाही रेघ आली नाही. ती सगळी पेपरात, टीव्हीत रोज येणारी नावं. ही चार मात्र आज्या-आजोबांची ठेवलेली, पेपरात कधी न छापली गेलेली.

आठ महिने तिने भांड्यांची, भाज्यांची, तापाची, रडण्याची नावं विचारली होती. मुलांची नावं शब्द आहेत, हे तिला सुचलं नव्हतं आणि बायकांनाही नाही.

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. रेघ सपनालाही दिसत होती आणि ती पुढे जात होती. सपनाला लाल रेघ कॉलेजातून माहीत होती. बुधीबाईंना लाल कुठून माहीत होतं? हर्षदाच्या डोळ्यांपुढे सूर्यमाळच्या केंद्रातली भिंत आली. बारा वर्षं त्या बाईने एकच लाल बघितलं होतं, तक्त्यावरचं. प्रत्येक प्रशिक्षणात, प्रत्येक बैठकीत, प्रत्येक कागदावर लालचा एकच अर्थ होता. आणि एका सोमवारी तिने हात धुऊन, फडकं सोडून, फोनमध्ये रुपीचं नाव लिहिलं, आणि जव्हारच्या डॉक्टरने त्याच्याखाली लाल ओढलं.

लाल दिसलं की विचार करायचा नाही.

“नीलेशदादा,” हर्षदा म्हणाली, “उद्या रविवार आहे, तरी मला परत यायचंय इकडे.”

“गुन्हेगार सापडला काय?”

“सापडला. पुढच्या सीटवर बसलाय.”

६

बुधीबाईंचं घर पाड्याच्या टोकाला. त्या ओट्यावर नागली पाखडत होत्या. हर्षदाला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पाण्याचा तांब्या आणला आणि समोर बसल्या. काढून टाकायला आली असेल तर तसं सांग, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं, पण आधी पाणी पी.

हर्षदाने फोन मागितला. त्यांनी हात धुतले, फडकं सोडलं, फोन दिला. तडा गेलेल्या काचेवर तिने रुपीचं नाव लिहिलं आणि रेघेवर बोट ठेवलं.

“मावशी, हे काय आहे?”

“तू मला विचारतेस काय, बाय? तुम्हीच दाखवता ना. रुपी लाल.”

मग हर्षदाने सांगितलं. सावकाश, काही न लपवता: ही रेघ मुलाची नाही, अक्षरांची आहे, फोनला ते नाव माहीत नाही, एवढाच तिचा अर्थ, रेघेला लाल रंग तिनेच दिला, कारण सगळीकडे तो तसाच देतात, आणि तुम्हाला त्याचा अर्थ सांगायला ती विसरली. बुधीबाई ऐकत राहिल्या. त्यांना राग आल्यासारखं दिसलं नाही. मग त्यांनी विचारलं ते एवढंच:

“म्हंजे जगनदादाचा काटा खरा?”

“खरा.”

त्यांनी श्वास सोडला. तीन आठवडे त्या हेच ओझं घेऊन फिरत होत्या. फोन लाल म्हणतो आणि काटा हिरवं म्हणतो, तर काटा बिघडलेला. काटा जगनदादांच्या हातचा. हे बोललं तर आधीच एका डोळ्याने अधू झालेल्या माणसाची भाकरी जाणार. म्हणून मीठ आणून गुपचूप बघितलं. काट्याने पाच किलो बरोबर दाखवलं. पण मीठ गप बसतं, पोर झोळीत हलतं, तेव्हा काय करत असेल काटा, कोण सांगणार. पाकिटाची नोंद करायला गेल्या तर ॲपमधला त्यासाठीचा चौकोन उघडेना. तो फक्त तक्त्यावर लाल असलेल्या मुलापुढे उघडतो. हीही हर्षदाचीच करणी होती.

“काटा बरोबर दिसला, तरी पाकिटं देतच राहिलात?”

“लाल खोटं निघालं तर चार पाकिटं जातील. काटा खोटा निघाला तर पोर जाईल.” बुधीबाईंनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं. “माझं माहेर वावरकडचं हाय, बाय. मी बारा वर्सांची होते. धाकटा भाऊ होता मला. भुकेनं पोरं गेली त्या साली आमच्याकडं लाल दाखवणारं कायच नव्हतं.”

सुपातली नागली दोनदा वर उडाली आणि खाली आली.

निघताना तिने विचारलं, हिशेब कुठे ठेवलाय का, उद्या सरांना दाखवायला. बुधीबाईंनी दाराकडे बोट केलं. चौकटीच्या आतल्या बाजूला कोळशाने उभ्या रेघा मारलेल्या होत्या. प्रत्येक मुलाची एक ओळ, ओळीच्या आधी खुणेसाठी काहीतरी काढलेलं. रुपीची सहा. शिडवाची सहा. भिवीची, लख्याची सहा सहा.

हर्षदा थबकली. चोवीस. पेटीतून गेली होती अठ्ठावीस. गुन्हेगार सापडल्याच्या भरात चार पाकिटं तिच्या हिशेबातून निसटली होती.

चौकटीवर पाचवी ओळ होती. तिच्यात चार रेघा. ओळीच्या आधी एक भिंगरी काढलेली होती.

“ही मुकेशची?” तिने विचारलं. “पण मावशी, त्याच्या नावाखाली तर लाल येत नाही.”

“नाय येत.”

“तक्त्यावर पण तो पिवळाच आहे.”

“भट्टीवरून आलेलं पोर आल्या आल्या उतरत नाय. पंधरा दिवसांनी उतरतं. काट्याला ता मागून कळतं.” बुधीबाई तिच्याकडे न बघता पाखडत होत्या. “फोनला दिसलं नाय, काट्याला दिसलं नाय. मला डोळं हायेत ना.”

७

सोमवारी बैठक जव्हारला झाली नाही. हर्षदाने गोरख सरांना रविवारीच फोन केला होता, आणि सर माणूस कडक असले तरी कानाचे पक्के होते. सकाळी नऊलाच जीप सूर्यमाळला आली. नीलेश, सर, हर्षदा, जगनदादा, आणि जगनदादांच्या मांडीवर शिक्का मारलेली वजनाची मापं.

वरच्या पाड्यात आंब्याच्या फांदीला काटा टांगला गेला. जगनदादांनी आधी मापं लावून दाखवली. काटा चोख होता. तबकडी नाकाशी नेताना त्यांनी एकदा बुधीबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, “माझ्यासाठी पाच किलो मीठ फुकट घालवलंस होय गं?” बुधीबाई म्हणाल्या, घालवलं कशाला, पावसात सुकटाला लागेलच.

रुपी, शिडवा, भिवी आणि लख्या हिरव्यात होते तसेच होते, थोडे जास्तच हिरवे. मग मुकेशला झोळीत बसवलं. तो हलला नाही. जगनदादांनी आकडा वाचला, पुन्हा नाक लावून वाचला. सरांनी तो तक्त्यावर मांडला. पेन पिवळ्या पट्ट्याच्या खाली उतरलं.

मुकेश आज लाल झाला होता. बुधीबाईंनी त्याला पाकिटं द्यायला सुरुवात केली त्याला दोन आठवडे झाले होते.

गोरख सर तक्त्याकडे बघत राहिले. पंधरा दिवस खाल्लेलं आहे म्हणून इथे आहे, म्हणाले, नाहीतर कुठे असता कोण जाणे. मग ते बुधीबाईंकडे वळले. माफी मागणं त्यांना जमत नसे. “पेटीची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या,” ते म्हणाले. “खिळ्यावर नको.” मुकेशला त्याच दुपारी जीपने जव्हारच्या दवाखान्यात नेलं, आजीला घेऊन बुधीबाई मागच्या सीटवर बसल्या आणि मुकेश त्यांच्या मांडीवर, भिंगरीसकट.

हर्षदा पाड्यातच थांबली. तिला दोन कामं होती. पहिलं अर्ध्या तासाचं: स्पेलचेकची रेघ तिने निळी केली, ठिपक्यांची, तक्त्यावर कुठेच नसलेल्या रंगाची. दुसरं चार दिवस चाललं. सपनाला बरोबर घेऊन ती पाड्यापाड्यांतून मुलांची नावं लिहीत फिरली. हाकेची, घरातली, लाडाची. सूर्यमाळ झालं, मोखाड्याकडचे पाडे झाले. नावं विचारताना बायका भांडी-भाज्यांच्या वेळेपेक्षा जास्त हसल्या आणि यादी साडेपाचशेवर गेली.

त्या नव्या पाडावहीत एक गोष्ट जास्तीची आहे. पाकिटाचा चौकोन आता कुठल्याही मुलापुढे उघडतो. त्याला रंगाची अट नाही. कारण लिहायला पुढे एक ओळ आहे. जून सुरू व्हायच्या आधीच्या गुरुवारी ती ओळ पहिल्यांदा कोणीतरी भरली. जव्हारला डॉक्टरांनी ती वाचली, फोन करून काही विचारलं नाही, आणि पाकिटं मंजूर केली. वरचा पाडा. मुलाचं नाव हरेश. वजन पिवळ्यात.

कारण: मी बघितलं.